क्लबचा सात-बारा

शुक्रवारचा चहा. ऑफिससमोरची टपरी, चार कटिंग, आणि आमच्यातला एक जण इकडेतिकडे बघत हळूच म्हणतो, "ऐकलं का? ग्लेझर विकतायत म्हणे. या वेळी नक्की!"

झालं. पुढची वीस मिनिटं कोण घेणार, कितीला घेणार, आल्या आल्या कोणता स्ट्रायकर आणणार... दर काही महिन्यांनी हे असंच चालतं. मीही मँचेस्टर युनायटेडचाच भक्त, त्यामुळे त्या वीसातली पाच मिनिटं माझी असतातच. पण आता या खेळाचा मला मनापासून वैताग आलाय. का, ते आज लिहूनच टाकतो. दोन-चार मित्र रागावतील, रागावू देत.

फ्लॅट घेताना आपण काय करतो? बिल्डरचं नाव कितीही मोठं असो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घेतो. गावाकडे जमीन घ्यायची असली की आमचे आजोबा आधी सात-बारा मागायचे, आणि नावापेक्षा 'इतर हक्क' जास्त बारकाईने वाचायचे. बोजा कोणाचा आहे? कूळ आहे का? क्लबच्या बाबतीत मात्र आपण नुसतं मालकाचं नाव वाचतो आणि नाचायला लागतो.

जरा मागे जाऊ. २००५ साली माल्कम ग्लेझरने युनायटेड घेतला, सुमारे ७९ कोटी पौंडांना. त्यातला बराचसा पैसा उसना, आणि त्या कर्जाचा मोठा भाग चढवला क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे तुम्ही माझं घर विकत घ्यायचं, कर्ज त्याच घरावर काढायचं आणि हप्ते माझ्या पगारातून फेडायचे! ज्यांनी तेव्हाच हा 'इतर हक्क'चा रकाना वाचला, त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा छोटा क्लब काढला. बाकीचे थांबले. कशासाठी? चांगला मालक येईल म्हणून.

२२ नोव्हेंबर २०२२ ला तो दिवस आला असं वाटलं. ग्लेझर कुटुंबाने जाहीर केलं की आम्ही 'वेगवेगळे पर्याय तपासतोय'. 'विकतोय' असं म्हटलेलं नाही, बरं का! पण आपण तेच ऐकलं. मग कतारचे शेख जासिम, मग इंग्लंडचे जिम रॅटक्लिफ. माझा एक मित्र दोहाहून सुटणारी विमानं नकाशावर बघत बसायचा. (प्रॉडक्शन सर्व्हरचे लॉग त्याने कधी एवढ्या निष्ठेने बघितले नाहीत.) सप्टेंबर २०२३ मध्ये क्लब विक्रीतून मागे घेणार अशी बातमी आली आणि न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर एका दिवसात जवळपास १८ टक्के आपटला. यातून काय दिसतं? आपल्या आशेला बाजारात रोख किंमत आहे, आणि ती आपल्याला मिळत नाही. आपण गावभर दवंडी पिटतो, भाव विकणाऱ्याच्या मालाचा वाढतो. फुकटचे दलाल आहोत आपण!

शेवटी झालं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये शेख बाजूला झाले. २४ डिसेंबरला रॅटक्लिफ २५ टक्के घेणार हे जाहीर झालं, ते ३३ डॉलर शेअरने, बाजारभाव २० डॉलरच्या आसपास असताना. फुटबॉलचा कारभार रॅटक्लिफकडे, बहुसंख्य मतं ग्लेझरांकडेच. कर्ज होतं तिथेच. त्यानंतर २०२४ मध्ये सुमारे अडीचशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, सीझनच्या मध्येच उरलेल्या सामन्यांची तिकिटं सरसकट ६६ पौंड झाली, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. २०२४-२५ मध्ये संघ लीगमध्ये १५ वा. सात-बारावर एक नाव वाढलं, बोजा कायम.

"पण शेख आले असते तर सगळं कर्ज फिटलं असतं!" हे मला किमान शंभर वेळा ऐकवलं गेलंय. मान्य. तसं आश्वासन होतं आणि कर्ज फिटणं चांगलंच असतं. पण आपण सॉफ्टवेअरवाले ना? सगळी सिस्टिम एकाच माणसाच्या पासवर्डवर चालत असेल तर आपण त्याला काय म्हणतो? चेल्सीचा अब्रामोविच आठवा. २००३ पासून पैसा ओतला, कप जिंकून दिले, चाहत्यांचा देवच. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्यावर निर्बंध घातले आणि एवढा मोठा क्लब काही आठवडे खास सरकारी परवान्यावर चालला, नवीन तिकिटं विकायचीही चोरी. मालक कंजूष असो वा दिलदार, चाहत्याच्या हातात दोन्ही वेळा भोपळाच.

मग हातात काय असू शकतं? जर्मनीत '५०+१' चा नियम आहे. काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतांतला निम्म्याहून जास्त वाटा सभासदांकडेच राहतो. ही जादूची कांडी नव्हे, २००५ मध्ये डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या काठावर होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकफेकून लीगचा गुंतवणूकदारांशी होणारा सौदा थांबवला. इंग्लंडमध्येही एप्रिल २०२१ ला सुपर लीगचं खूळ निघालं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि सहाही इंग्लिश क्लब तीन दिवसांच्या आत मागे फिरले. त्या रागाने ज्या मागणीला जोर आला, तिचा जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला. या दोन्ही वेळी कोणी "मालक कोण?" असं विचारत नव्हतं. "आमचा हक्क कुठे लिहिलाय?" असं विचारत होते.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, हिंजवडीत बसून ओल्ड ट्रॅफर्डचं आपण काय करणार? खरंय. काहीच नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जीभ अडखळते.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी, २०१२-१३ च्या आय-लीगमधला उपविजेता, २०१५ मध्ये लीगमधून बाहेर. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्या वर्षी टपरीवर यावर किती मिनिटं चर्चा झाली? मला एकही आठवत नाही. बालेवाडीच्या स्टेडियमवर मी आयुष्यात दोनदा गेलोय, त्यातलं एक तिकीट फुकटचं. त्या सात-बारावर 'इतर हक्क'मध्ये आपलं नाव नव्हतं, आणि ते असावं असं कोणी मागितलंही नाही. मीही नाही.

असो. पुढच्या शुक्रवारी कोणी "विकतायत म्हणे" म्हणालाच तर मी तीनच प्रश्न विचारणार आहे: पैसा कोणाचा, कर्ज कोणाच्या डोक्यावर, आणि मत कोणाकडे? उत्तर येत नसेल तर चहाचे पैसे त्याने द्यायचे.

आणि पुण्यात परत एखादा क्लब उभा राहिलाच, तर पहिल्याच वर्षी सीझन तिकीट काढायचं. विकत घेऊन.