डोके झटकणाऱ्या घोड्याला शिक्षा नको



घोडा अचानक डोके झटकू लागला की काटेरी लगाम घालावा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मुळीच मान्य नाही. ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी अशा लगामाला बंदीच घातली आहे.

आधी पशुवैद्यकाकडून दात, कान, डोळे, नाकपुड्या तपासून घ्याव्यात. लगाम-खोगीर उतरवल्यावर झटके थांबतात का, तेही पाहावे. काहीच सापडले नाही, तर चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचा विचार करावा. तो अतिसंवेदनशील झाला की ऊन-वाऱ्यानेही चेहऱ्यात कळ उठते. म्हणून अनेक घोड्यांचा त्रास ठरावीक ऋतूतच बळावतो. नाकावर जाळी बांधल्याने काहींना आराम पडतो. मुक्या जनावराची वेदना ही खोड समजून त्याला मारू नका.

– एक अश्वपालक, सारंगखेडा