उशिराचा दंड कोणाच्या माथी?

नो-पार्किंगच्या फलकाखाली मोटार उभी करणे हा काही घोर अपराध नव्हे. तरीही या क्षुल्लक गुन्ह्याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधीत आहोत, त्याला कारण आहे. सामान्य नागरिकाचा खुनाच्या वा दरोड्याच्या खटल्याशी आयुष्यात एकदाही संबंध येत नाही. परंतु पाचशे रुपयांच्या चलनाशी तो कधी ना कधी येतोच. शासन न्यायाने वागते की केवळ वसुलीच्या हिशेबाने, याचा अनुभव त्याला तेथेच मिळतो. मूळ दंडाविषयी आमची तक्रार नाही. प्रश्न आहे तो थकलेल्या दंडाचा. उशीर झाला तर काय करायचे, आणि मुख्य म्हणजे तो उशीर कोणाचा, हे ठरविण्याची सरळ पद्धत आपल्याकडे अजून बसलेली नाही.

मुंबई महापालिकेने या बाबतीत एक प्रयोग करून पाहिला आहे. 7 जुलै 2019 पासून सार्वजनिक वाहनतळांच्या पाचशे मीटरच्या परिसरात अवैधपणे उभ्या केलेल्या वाहनांवर जबर दंड बसविण्यात आला. दुचाकीला पाच हजार, मोटारीला दहा हजार, अवजड वाहनाला पंधरा हजार असे ते दर होते. दंड भरण्यास विलंब झाल्यास आकार वाढत जाई, आणि अवजड वाहनाच्या बाबतीत तो तेवीस हजारांच्या पुढे पोहोचे. लोकांना वचक बसावा हा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु हा दंड जुन्या दुचाकीच्या किमतीशी स्पर्धा करू लागला, तेव्हा नागरिकांना त्यात शिस्तीऐवजी जबरदस्तीच दिसली, आणि पुढे महापालिकेला हे दर खाली आणावे लागले. प्रमाण सुटलेला दंड टिकत नाही, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नसावी.

इतरत्र राज्याचा सर्वसाधारण कायदा चालतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या 177 व्या कलमाखालील दंड पहिल्या गुन्ह्यास शंभरावरून पाचशे आणि पुढील प्रत्येक गुन्ह्यास तीनशेवरून पंधराशे रुपयांपर्यंत नेला. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर 2021 मध्ये अमलात आणले. वरवर पाहता यात विलंबशुल्काचा उल्लेख नाही. पण व्यवहारात काय घडू शकते ते पाहावे. पूर्वी हवालदार समोर उभा राहून पावती फाडीत असे; गुन्हा, आरोप आणि दंड या तिन्ही गोष्टी एका जागी, एका वेळी घडत. आता हवालदार छायाचित्र घेऊन पुढे जातो आणि संदेश भ्रमणध्वनीवर जातो. तो क्रमांक बदललेला असेल, गाडी विकली जाऊनही नोंद जुन्या मालकाच्या नावावर राहिली असेल, तर चलन निघाल्याचा मालकाला पत्ताच नसतो. तो त्याच जागी आठवड्यात आणखी दोनदा गाडी उभी करतो आणि पाचशेचे साडेतीन हजार होतात. ज्याला पहिल्या गुन्ह्याची वार्ताच नाही त्याला दुसऱ्या गुन्ह्याबद्दल सराईत ठरविणे कोणत्या न्यायात बसते? पुनरावृत्तीसाठी अधिक शिक्षा देण्यामागे तत्त्व आहे ते हे की, समज मिळूनही माणूस सुधारला नाही. समजच पोहोचली नसेल तर त्या तत्त्वाचा पायाच ढासळतो.

नियमकर्त्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक देखरेखीविषयी जे नियम केले, त्यांत गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस धाडण्याचे बंधन घातले होते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, असा दंडक जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता; 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 514 व्या कलमातही तो कायम आहे. न्यायाच्या हितासाठी ही मर्यादा शिथिल करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे हे खरे. परंतु सर्वसाधारण नियम आळशी सरकारच्या बाजूचा नाही, हे त्यातून स्पष्ट होते. मुदत नागरिकालाही आहे आणि शासनालाही आहे. नागरिकाच्या उशिराला मात्र किंमत लागते आणि शासनाचा उशीर फुकट जातो, अशी आजची स्थिती आहे.

थकबाकीचा डोंगर झाला की सरकारे दुसऱ्या टोकाला जातात. तेलंगणाने मार्च 2022 मध्ये दुचाकीस्वारांना थकलेल्या दंडात 75 टक्के सूट दिली आणि डिसेंबर 2023 मध्ये ती 80 टक्क्यांवर नेली. कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये निम्मा दंड माफ केला. दंड भरण्यासाठी लोकांची रीघ लागली आणि तिजोरीत शंभर कोटींहून अधिक रक्कम पडली. हा यशाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो तसा वाटत नाही. ज्याने चलन मिळताच निमूटपणे पूर्ण रक्कम भरली तो या व्यवहारात मूर्ख ठरला, आणि ज्याने वर्ष-दोन वर्षे काणाडोळा केला तो शहाणा ठरला. ऑगस्ट 2025 मध्ये कर्नाटकाला पुन्हा तीच निम्म्या दराची सवलत जाहीर करावी लागली, यात नवल ते काय? उत्सवी विक्रीची वाट पाहणारे गिऱ्हाईक आणि माफीची वाट पाहणारा थकबाकीदार यांत मग फरक उरत नाही.

महाराष्ट्रात लोकअदालतीचा मार्ग चोखाळला जातो. 2021 पासून थकलेल्या चलनांच्या दाखलपूर्व नोटिसा वाहनधारकांना मोठ्या प्रमाणावर गेल्या. लोकअदालत ही उपयुक्त संस्था आहे; परंतु ती तडजोडीची जागा आहे. गुन्हा घडला की नाही याचा निवाडा तेथे होत नाही. ज्याला आपली चूक मान्य आहे त्याची तेथे सोय होते. फलक झाडाआड दडला होता किंवा छायाचित्रातील गाडी आपली नव्हेच, असे म्हणणाऱ्याने कोठे जावे? दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क त्याला आहे. पण पाचशे रुपयांसाठी दोन दिवसांची रजा कोण खर्ची घालणार? वाहतूकदारांनी जुलै 2025 च्या प्रारंभी ई-चलनांच्या वसुलीविरुद्ध संप पुकारला. सरसकट माफीची मागणी आम्हांस मान्य होण्यासारखी नाही, पण दाद मागण्याची सोपी वाट नसली की माणसे रस्त्यावर येतात, हे सरकारने ओळखावयास हवे.

विलायतेत या प्रश्नाची घडी कशी बसविली आहे ते पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात पार्किंगचा दंड चौदा दिवसांत भरला तर निम्मा भरावा लागतो. न भरल्यास मालकाला रीतसर नोटीस जाते व तिच्यावर हरकत घेण्यास अठ्ठावीस दिवस मिळतात. हरकत फेटाळली गेली तर स्वतंत्र लवादाकडे दाद मागता येते. हे सारे टाळून जो स्वस्थ बसतो त्याचाच दंड दीडपट होतो. म्हणजे वाढ होते ती दुर्लक्षाची, तक्रारीची नव्हे. उलट अमेरिकेतील शिकागो शहरात मुदत चुकली की दंड दुप्पट होई, त्यावर वसुलीचा खर्च चढे, आणि अखेर चालकाचा परवानाही जाई. परवाना गेला की नोकरी जाई, आणि नोकरी गेली की दंड भरणार कशातून? गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांतील हजारो माणसे या चक्रात सापडून दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. शेवटी इलिनॉय राज्याने पार्किंगचा दंड थकला म्हणून परवाना निलंबित करण्याची पद्धत जुलै 2020 पासून बंद केली.

या दोन उदाहरणांतून आपण काय घ्यावे? आमच्या मते सहा गोष्टी. नोटीस ठरलेल्या मुदतीत पोहोचली नाही तर ते चलन रद्द समजावे. चलन त्वरित भरणाऱ्यास सवलत द्यावी, म्हणजे प्रामाणिकपणाचे मोल प्रथमच मिळेल आणि मागाहून माफीचे बाजार भरवावे लागणार नाहीत. हरकत घरबसल्या नोंदविता यावी, आणि तिचा निर्णय चलन करणाऱ्या खात्याने न करता स्वतंत्र अधिकाऱ्याने लेखी कारणांसह करावा. निर्णय होईपर्यंत दंड एका पैशानेही वाढू नये. विलंबाची वाढ मूळ रकमेच्या दीडपटीवर थांबावी. आणि पहिल्या चलनाची नोटीस बजावली जाण्यापूर्वीचा गुन्हा 'दुसरा' म्हणून मोजू नये. रिक्षाचालकाच्या किंवा घरोघर माल पोहोचविणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने पाचशे आणि पंधराशे यांतील अंतर एका दिवसाच्या कमाईचे असते, हे मोटारीत बसून कायदे करणाऱ्यांनी विसरू नये.

नागरिकांनाही दोन शब्द ऐकविणे आमचे कर्तव्य आहे. पदपथावर गाडी चढविणारा सुशिक्षित गृहस्थ वृद्धांना आणि शाळकरी मुलांना भर रहदारीत उतरावयास लावतो. त्याची चूक लहान असली तरी तिची झळ दुसऱ्याला लागते. आपला पत्ता व भ्रमणध्वनी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत अद्ययावत ठेवणे, गाडी विकली की नाव बदलून घेणे, चलन आले तर ते भरणे किंवा त्यास कारण देऊन हरकत घेणे, यांत काही अवघड नाही. चलन कचऱ्यात टाकून पुढच्या माफीची वाट पाहणाऱ्याला शासनाच्या दिरंगाईविषयी बोलण्याचा अधिकार राहात नाही.

दंडाचे काम तिजोरी भरण्याचे नाही, वळण लावण्याचे आहे. वळण लागण्यासाठी तो लहान असला तरी चालेल, पण तो लवकर पोहोचणारा, सर्वांना सारखा आणि चुकला तर दुरुस्त होणारा असला पाहिजे. सरकारने आधी स्वतःचे घड्याळ लावावे. मग नागरिकाच्या उशिराचा हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार त्याला आपोआप प्राप्त होईल.