शहाळे, मीठ आणि किडनीचा रुग्ण

आजाऱ्याला भेटायला जाताना हातात शहाळे न्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. कामोठ्यात एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रुग्णालय म्हटले की नारळपाण्याची गाडी आलीच. रोजंदारीवर जगणारा नातेवाईकही खिशातले शेवटचे पैसे मोडून शहाळे घेतो. त्याच्या मायेबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु ज्याची किडनी निकामी होत आली आहे, त्या रुग्णाचा जीव त्या शहाळ्याने धोक्यात येऊ शकतो, ही साधी माहिती आमच्या वस्त्यांपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

कारण आहे पोटॅशियम. हा क्षार शरीराला लागतोच. स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारण ३.५ ते ५ असते. जास्तीचे पोटॅशियम किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीच थकली की ते रक्तात साचते. ६ च्या पुढे गेले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि हृदय अचानक बंदही पडू शकते. पायांत अशक्तपणा, छातीत धडधड अशी लक्षणे काहींना जाणवतात, अनेकांना काहीच जाणवत नाही. म्हणूनच रक्ततपासणीला पर्याय नाही. एका शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि किडनीच्या रुग्णाला दिवसभरात बहुधा २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरा धोका मिठाच्या पुडीत आहे. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ‘कमी सोडियमचे’ मीठ बाजारात मिळते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली खरी, परंतु किडनीचे रुग्ण त्यातून स्पष्टपणे वगळले. पुडीवरची ही बारीक अक्षरे वाचतो कोण? रक्तदाब आणि मधुमेह हेच किडनी खराब करणारे मोठे आजार. म्हणजे हे मीठ ज्याच्या घरी जाते, त्याच्याच किडनीची तपासणी आधी व्हायला हवी.

आणि गोळ्या. नाक्यावर उभे राहून दिवसभर विटा-सिमेंट उचलणारा आमचा बांधव कंबरदुखीवर दुकानातून गोळी घेतो, रोज घेतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला इजा करतात आणि पोटॅशियमही वाढवतात. रक्तदाबाची काही औषधेही ते वाढवतात. ती मात्र मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचे.

आता स्वयंपाकघर. छापील आहारतक्ता बघितला की आम्हाला हसू येते आणि रागही येतो. सफरचंद खा, पेअर खा! गरिबाच्या परवडीचे केळे आणि पेरू मात्र वर्ज्य. तेव्हा परवडणाऱ्यातलेच शोधले पाहिजे. अननसाची किंवा पपईची एखादी फोड चालते. दुधी, काकडी, कोबी या भाज्यांत पोटॅशियम कमी. बटाटा, रताळे, टोमॅटो, पालक यांत जास्त. गुळात आणि सुक्या मेव्यातही जास्त. बटाटा सोडवत नसेल तर सोलून बारीक चिरावा, भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी फेकून द्यावे. बरेचसे पोटॅशियम पाण्याबरोबर जाते. भाजी उकळलेल्या पाण्याचे सूप किंवा आमटी या रुग्णाला देऊ नये. डाळ पूर्ण तोडू नये, आधीच कुपोषित शरीर आणखी खचते. किती खावी हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. करमळ मात्र किडनीच्या रुग्णाने चाखूही नये, ते मेंदूवर विषासारखे काम करते.

पाण्याबाबत तर सगळाच गोंधळ आहे. ‘भरपूर पाणी प्या, सगळे धुऊन निघेल’ हा सल्ला जो तो देतो. किडनी धड असलेल्या, उन्हात राबणाऱ्या माणसाला तो लागू आहे. शरीर सुकले की किडनीला रक्त कमी पडते आणि पोटॅशियम चढते. ऊन किती जीवघेणे असते, हे कामोठ्याशेजारच्या खारघरने १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात पाहिले. १४ माणसे गेली. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकाही त्याच उन्हात निघतात, तेथे पाण्याची सोय हवीच. परंतु ज्याची लघवी कमी झाली आहे, जो डायलिसिसवर आहे, त्याने तांब्याभर पाणी जास्त प्यायले तर ते फुफ्फुसात साचते आणि पोटॅशियमही उतरत नाही. त्याचे पाणी मोजूनच.

आकडा ६ च्या वर गेला तर घरी पथ्य करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे हृदयाचा आलेख काढतात, इंजेक्शने देतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. कधी रक्त काढतानाच पेशी फुटून आकडा खोटा वाढतो. ते डॉक्टर पुन्हा तपासून ठरवतात.

डायलिसिस चुकवणे हे सर्वांत घातक. आठवड्यातून तीन दिवस मजुरी बुडते, म्हणून माणूस एक दिवस सोडतो. येथे पथ्याचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे. गरिबांसाठी मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले. आपले वैद्यकीय कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळाले पाहिजेत, हा २००२ चा नियम आहे.

तेव्हा रुग्णालयातून बाहेर पडताना दोन गोष्टी हक्काने मागा: पोटॅशियमचा आकडा, आणि काय खावे, किती पाणी प्यावे याचा मराठीत लिहिलेला कागद. आम्ही तर म्हणतो, असा एक मोठा तक्ता आपल्या प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लावावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. एखादा डॉक्टर कार्यकर्ता बोलवावा, त्याच्याकडून तपासून घ्यावा आणि येत्या रविवारीच लावावा.