हजेरी सांभाळायची की काम?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंतच्या काचेच्या इमारती ओस पडल्या. लाखो अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडले आणि परदेशी बँकांच्या व विमा कंपन्यांच्या प्रणाली अखंड चालू ठेवल्या. त्या वेळी याच मंडळींच्या निष्ठेचे पोवाडे गायले गेले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तर २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात यावे लागेल, असे स्वप्न २०२० मध्ये रंगविले. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस हजेरी सक्तीची केली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून विप्रोने आठवड्यातून तीन दिवसांचा नियम लागू केला.

गंमत अशी की, घरून काम करण्यावरील जाचक अटी खुद्द सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये शिथिल केल्या होत्या. शासनाने दाखविलेला विश्वास व्यवस्थापकांना मात्र दाखविता आला नाही!

हजेरीच्या समर्थनार्थ एकच युक्तिवाद होतो : नजरेआड काम ढिले पडते. हा समज कसाला लावून पाहिला गेला आहे. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत वा बढतीत फरक पडला नाही; नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र एक-तृतीयांशाने घटले. प्रयोगापूर्वी साशंक असलेल्या व्यवस्थापकांचे मतही अखेरीस बदलले.

वस्तुतः दोष घराचा नाही, मोजमापाचा आहे. कुशल अभियंत्याचे काम म्हणजे खुर्चीत घालविलेले तास नव्हेत. चार ओळींची अचूक दुरुस्ती कधी दिवसभराच्या टंकनाहून मोलाची असते. कळफलकाचे ठोके मोजणारी पाळत बसवली, की कर्मचारी ठोक्यांचेच नाटक करू लागतो. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये अशाच बनावट हालचालींसाठी डझनाहून अधिक जणांना काढले. संशय पेरला, तर लबाडीच उगवणार!

याचा अर्थ दूरस्थ काम सर्वगुणसंपन्न आहे असा नव्हे. नवशिक्याला ज्येष्ठाच्या शेजारी बसून मिळणारे शिक्षण पडद्यावरून सहजी मिळत नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे चोरून नोकरी करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे विप्रोने २०२२ मध्ये जाहीर केले, हेही विसरता येत नाही. परंतु त्यावर उपाय सरसकट सक्ती नव्हे, डोळस व्यवस्थापन हा आहे. निर्णय तोंडी न ठेवता लिहून ठेवावेत. काम लहान, तपासता येतील अशा टप्प्यांत वाटावे. एकाची संहिता दुसऱ्याने तपासावी. सर्वांनी उपलब्ध राहण्याचे काही तास ठरवावेत आणि उरलेल्या वेळात घरावर अतिक्रमण करू नये. नवागतांसाठी एकत्र बसण्याचे दिवस राखावेत. पण त्या दिवशी ज्येष्ठांनीही यावे. नाही तर तरुणाने दोन तास वाहतूक कोंडीत काढून शेवटी संगणकावरच बैठकीला हजर राहायचे, हा कसला सहवास?

हे परिश्रमाचे व्यवस्थापन आहे. हजेरीपट मोजणे सोपे. म्हणूनच तो आळशी व्यवस्थापकाचा आधार ठरतो.

प्रश्न केवळ कंपन्यांच्या ताळेबंदाचाही नाही. झोहो कंपनीने २०११ पासून तमिळनाडूतील तेनकाशीजवळच्या खेड्यात कार्यालय चालवून दाखविले; बुद्धीला महानगराचा पत्ता लागत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. मग सांगली वा अमरावतीच्या मुलाने वृद्ध आईवडिलांना सोडून हिंजवडीत चढ्या भाड्याची खोली घ्यावी, बाळंतपणानंतर कर्तबगार मुलीने राजीनामा द्यावा, हा अट्टहास कशासाठी? टाळेबंदीत ज्यांच्यावर विसंबून व्यवसाय तरला, त्यांच्यावर आज अविश्वास दाखविणे ही शिस्त नव्हे, कृतघ्नता आहे.