गरीब विद्यार्थ्याची जिद्द

दारिद्र्य हा विद्येच्या मार्गांतील मोठा अडथळा, असें बहुतेक लोक म्हणतात. आम्हांस मात्र वाटतें कीं, त्याहूनहि मोठा अडथळा दारावर उभे राहणारांच्या दृष्टीचा असतो.

सन १८७५ च्या सुमारास कोकणांतील मुरूड गांवचा एक गरीब मुलगा, धोंडो केशव कर्वे, परीक्षेकरितां सोबत्यांसह सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेला. अंतर सुमारें ११० मैल! तेथें परीक्षकांनीं त्याची किरकोळ अंगकाठी पाहिली, वय सतरा वर्षांचें दिसत नाहीं असें ठरविलें आणि त्यास परत लाविलें. बुद्धि कोणीं पाहिलीच नाहीं.

मुलगा खचला नाहीं. मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशन शाळेंतून तो १८८१ मध्यें मॅट्रिक झाला, शिकवण्या करीत करीत १८८४ मध्यें पदवीधर झाला. आणि १९१६ मध्यें त्यानेंच स्त्रियांकरितां विद्यापीठ स्थापिलें. ज्याला एकदां दार बंद झालें, त्यानें तें हजारोंना उघडून दिलें.

विद्यार्थ्यांनो, ही जिद्द तुम्हीं अवश्य घ्यावी. परंतु पालकांनीं व आम्हां शिक्षकांनीं तिची नुसती स्तुति करून मोकळें होऊं नये. कर्वे पुन्हां उभे राहिले. किती मुलें तशींच घरीं परतलीं असतील! बालकांना अडविणाऱ्या आपल्या शिष्यांनाच प्रभु येशूनें दोष दिला होता. फाटक्या सदऱ्यानें जो मुलगा आपल्या दाराशीं येईल, त्याचा सदरा न पाहतां तळमळ पाहावी, हेंच आमचें सांगणें.