लहरी सगळ्यांच्या, माईक कोणाचा?

उजनीतून पाणी सोडले की बातमी होते. धरणात गाव गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे विचारणारा आपला माणूस मात्र वाहिनीत नसतो. प्रसारणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले. 2004 पासून प्रसारण ट्रायच्या कक्षेत आहे. ट्राय वाहिन्यांच्या दरांचे नियम करते. तिथे कोण काम करते, त्यांना कोणी शिकवले, हे विचारत नाही. ब्रिटनच्या 2003 च्या कायद्याने ऑफकॉम या नियामकावर रेडिओ-टीव्हीतील प्रशिक्षणाला आणि लिंग, वंश, अपंगत्व यांबाबत समान संधीला चालना देण्याचे कर्तव्य टाकले. आपल्याकडे त्या यादीत जात हवी. आधी यादी तरी हवी!

‘अनुभव आणा’ म्हणतात. तो मिळतो बिनपगारी इंटर्नशिपमध्ये. टेंभुर्णी-करमाळ्याच्या ऊसतोड मजुराच्या पोरीने पुण्यात खोलीभाडे कशातून भरायचे? म्हणून आमची मागणी आहे: परवान्यातच विद्यावेतनासह प्रशिक्षणाची अट घाला आणि घेतलेल्या उमेदवारांची जातवार आकडेवारी दरवर्षी जाहीर करा. परवाना मंत्रालय देते, ट्राय शिफारस करते. पण त्याआधी लोकांची लेखी मते मागवते. तिथे वाहिन्यांचे मालक वकील लावून लिहितात. आपल्या किती संघटनांनी आजवर लिहिले?