मुलांना फिशिंगला न्यायचंय? मग ‘पैसे वसूल’ आधी विसरा



मे महिना आला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. एक, आई-बाबा भारतातून येतायत, त्यांना कुठे फिरवावं? दोन, मुलांना फिशिंगला न्यायचंय, चांगली चार्टर ट्रिप कुठली? मी २०१८ मध्ये या दोन्ही प्रश्नांचं एकच उत्तर काढलं आणि तोंडावर आपटलो. म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या जूनमध्ये बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. त्यांचं लहानपण रेवदंड्याचं, खाडीवर गळ टाकून बसण्यात गेलेलं. नातीला गळाने मासा धरायला शिकवायचा, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता. मुलगी तेव्हा सात वर्षांची. आता मी पडलो आयटीवाला. एक्सेल उघडलं, कोण किती तासांचे किती डॉलर घेतो याचा भागाकार केला. आठ तासांची ट्रिप चार तासांच्या ट्रिपपेक्षा तासाला स्वस्त पडत होती. शिवाय ती बाहेर खोल समुद्रात जाणार, म्हणजे मासेही मोठे. पैसे वसूल! काढली तिकिटं.

पहाटे पाचला साबुदाणा वडे हाणून निघालो. बोट खाडीबाहेर पडली आणि तासाभरात मुलीला उलट्या सुरू झाल्या. कॅप्टनला विचारलं, परत फिरता येईल का? तो म्हणाला, बोटीवर अजून चाळीस माणसं आहेत आणि त्यांनीही पैसे भरलेत. त्याचं काही चुकलं नाही, चूक माझी होती. पुढचे सहा तास मुलगी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून पडून होती. बाबांनी गळ हातात घेतलाच नाही. मी दोन ब्लूफिश पकडले, पण कौतुक करायला कोणी नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं बोटीचं नाव काढलं की मुलगी खोलीचं दार लावून घ्यायची. आणि बाबांच्या गुडघ्यांनी पुन्हा एवढा प्रवास काही करू दिला नाही.

तर माझं स्पष्ट मत असं की, ट्रिप निवडताना घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं पोट आणि पेशन्स बघावा. बापाची हौस आणि डॉलरचा भागाकार नंतर.

आता थोडं कामाचं. आपल्याकडे सरसकट ‘चार्टर’ म्हणतात, पण प्रकार दोन आहेत. पार्टी बोट म्हणजे माणशी तिकीट काढून अनोळखी लोकांबरोबर जायचं. ब्रुकलिनच्या शीपशेड बे, न्यू जर्सीच्या बेलमार, पॉइंट प्लेझंट बीच, अटलांटिक हायलंड्स इथून अशा बोटी सुटतात. एकट्यादुकट्याला स्वस्त, पण एका मुलासाठी ती परत फिरत नाही. दुसरा प्रकार खाजगी चार्टर. बोट आणि कॅप्टन तुमच्यापुरते, भाडं डोक्यावर नसून बोटीवर. ती महाग वाटते, पण दोन छोट्या कुटुंबांनी मिळून घेतली तर फरक बराच कमी होतो. मुख्य म्हणजे मूल कंटाळलं तर ‘चला परत’ म्हणायचा हक्क तुमचा. पैसे पूर्ण जातील, पण मूल बोटीला कायमचं घाबरणार नाही.

मात्र इथे एक गोम आहे. अशा बहुतेक छोट्या बोटींना कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६ प्रवासी नेता येतात, आणि त्यात लहान मुलंही मोजली जातात. सहाच्या वर न्यायचे तर तपासणी झालेली, तसं सर्टिफिकेट असलेली बोट लागते. ‘पोरं काय, धरायचीच नाहीत’ असं कोणी कॅप्टन म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. जो हा नियम मोडतो तो बाकीचे पाळत असेल कशावरून?

फोनवर मी आता एवढे प्रश्न विचारतो. बोटीवर टॉयलेट आहे का? (छोट्या बोटींवर अनेकदा नसतं. आजी बरोबर असेल तर हा प्रश्न पहिला.) मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आहेत का? स्वतःच्या बोटीने फिरणाऱ्यांना फेडरल नियम आहे की बोट चालू असताना डेकवर १३ वर्षांखालच्या मुलाच्या अंगात जॅकेट हवंच. राज्यांचे नियम थोडे वेगळे असू शकतात. भाड्याच्या बोटीवर ‘कपाटात आहेत’ हे उत्तर मिळतं, ते मला पुरत नाही. मूल जॅकेट घालूनच बसेल, आणि माप नसेल तर आपलं घेऊन जायचं. लायसन्सचं काय? फ्लोरिडात चार्टरच्या लायसन्समध्ये प्रवासी येतात, कॅलिफोर्नियात १६ वर्षांपासून पुढे प्रत्येकाला आपापलं काढावं लागतं. आणि शेवटचा प्रश्न, हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख?

हवेवरून आठवलं. ‘ऊन आहे ना, मग झालं’ हे समुद्रावर चालत नाही. नोआचा सागरी अंदाज बघा. त्यात लाटांची उंची असते, तसंच दोन लाटांमधले सेकंदही असतात. तीन फुटांची लाट नऊ-दहा सेकंदांनी आली तर पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. तीच चार सेकंदांनी आली तर पोटातलं सगळं बाहेर. म्हणून लहान मुलांना खाडीच बरी. रॅरिटन बे, बार्नेगॅट बे, जिथे किनारा डोळ्यांसमोर राहतो. उलटीवरची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास द्यावी लागते, आणि मुलांना कुठली चालते हे डॉक्टरांना विचारूनच. कानामागे लावायचा पॅच मोठ्यांसाठी असतो, तो मुलांना लावू नका. आलेपाकाच्या वड्या न्या, वडे नकोत. केळीही नकोत! अमेरिकन कोळ्यांत बोटीवर केळं म्हणजे मोठा अपशकुन. मांजर आडवं गेलं की थबकणाऱ्या आपण त्यांना हसू नये.

माशांच्या बाबतीतही तेच. बापाला मोठा मासा हवा असतो, मुलाला फक्त दोरी हलायला हवी असते. पोर्गी, सी बास असले छोटे, भराभर लागणारे मासे मुलांसाठी उत्तम. सी रॉबिन नावाचा एक मासा आहे. पंखांसारखे पर, पायांसारखे काटे, वर काढला की गुरगुरतो. अनुभवी लोक त्याला शिव्या देतात, मुलं मात्र खूश. शाकाहारी मंडळींनीही बिचकू नये, पकडून सोडायची पद्धत इथे सर्रास आहे.

सोडण्याचे नियमही मुलांना आवर्जून सांगा. स्ट्राइप्ड बास २०२३ पासून समुद्रात २८ ते ३१ इंचांमधलाच ठेवता येतो. लहान तर परत सोडायचाच, मोठाही परत सोडायचा, कारण मोठ्या माद्या जास्त अंडी घालतात. आपले कोळी बांधव पावसाळ्यात जाळी गुंडाळून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात उतरतात. पिल्लांना वाढू द्यायचं, हाच हिशेब. मुलांना तो दोन्हीकडून कळू दे.

एक धोक्याची सूचना. फ्लोरिडा, कॅरोलिनाकडे किंगफिश, म्हणजे किंग मॅकरेल लागला की आपण ‘सुरमई!’ म्हणून नाचायला लागतो. तो सुरमईचा चुलतभाऊ आहे खरा, पण एफडीएच्या यादीत पाऱ्यामुळे मुलांनी आणि गरोदर बायकांनी टाळायच्या माशांत त्याचं नाव आहे. फोटो काढा, तुकडी तळून मुलांच्या ताटात वाढू नका.

काही जण म्हणतील, मुलांना एवढं काय जपायचं? थोडा त्रास होऊ दे, कणखर होतील. मला पटत नाही. गणिताचा कंटाळा आला तरी गणित करावंच लागतं, समुद्रावर जायलाच हवं असं काही नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मन उडालं की ते उडालंच. शंका असेल तर आधी एखाद्या पिअरवर तासभर गळ टाकून बसा. मूल रमलं तर बोट, नाहीतर आइस्क्रीम खाऊन घरी.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एका मित्राच्या कुटुंबाबरोबर आम्ही चार तासांची, खाडीतली बोट घेतली. मुलीला तीन पोर्गी मिळाले, त्यातला एक अगदीच चिमुकला होता. तो सोडताना तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. अलिबागला रात्र झाली होती, बाबा जागे होते. म्हणाले, ‘ओल्या हाताने धर गं, नाहीतर त्याची साल निघते.’

शिकवायचं ते त्यांनी शिकवलं, पण आठ हजार मैलांवरून. तीन वर्षांपूर्वी ते शेजारी बसून शिकवू शकले असते. तेवढा एक भागाकार माझा चुकला.

चू. भू. द्या. घ्या.